नेट बंद पडले? घाबरू नका, क्रमाने शोधा!

‘नेट गेलं!’ एवढे दोन शब्द उच्चारले की आज घराघरात जी धावपळ उडते, ती एकेकाळी ‘लाइट गेले’ किंवा ‘पाणी गेले’ म्हटल्यावरच उडत असे. मुलीच्या प्रवेश-अर्जाची शेवटची तारीख आजच असते. चिरंजीवांची कचेरीची बैठक पाच मिनिटांवर आलेली असते. आजी सकाळपासून परदेशातल्या नातवाचा चेहरा पाहायला आसुसलेल्या असतात. आणि नेमक्या त्याच वेळी लॅपटॉपच्या पडद्यावर कोपऱ्यात ते रुसलेले चिन्ह उमटते, ‘इंटरनेट उपलब्ध नाही’.

मग काय होते? कोणी राउटरवर थापट्या मारतो, कोणी सगळ्या वायरी उपटून पुन्हा खोचतो, कोणी धाकट्याला बोल लावतो, ‘तूच काहीतरी गेम टाकला असशील!’ कोणी घाईघाईने लॅपटॉप उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेतो, आणि लॅपटॉपला काहीही झालेले नव्हते हे दुसऱ्या दिवशी कळते. आणि कोणी मोबाइलवर शोधून सापडेल त्या ‘कस्टमर केअर’ला फोन लावतो. हा शेवटचा उपाय सर्वांत महागात पडू शकतो. त्याविषयी पुढे सविस्तर बोलूच.

खरे म्हणजे यातल्या बऱ्याच अडचणी घरातली कोणतीही शहाणी व्यक्ती दहा-पंधरा मिनिटांत ओळखू शकते. त्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही. लागतो तो थोडा धीर आणि तपासण्याचा क्रम.

नळाला पाणी का नाही?

स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी आले नाही, तर गृहिणी काय करते? लगेच प्लंबरला बोलावते का? नाही. आधी ती न्हाणीघरातला नळ सोडून बघते. तिथे पाणी असेल, तर दोष स्वयंपाकघरातल्या नळाचा. तिथेही नसेल, तर गच्चीवरची टाकी बघते. टाकी रिकामी असेल, तर शेजारी विचारते, ‘तुमच्याकडे पाणी आलं का हो?’ त्यांच्याकडेही नसेल, तर तक्रार नगरपालिकेकडे. पाणी कुठवर आले आणि कुठे अडले, एवढेच ती शोधत असते.

इंटरनेटचेही अगदी तसेच आहे. लॅपटॉप हा आपला नळ. राउटर, म्हणजे भिंतीवरची ती लुकलुकणाऱ्या दिव्यांची पेटी, ही घरची टाकी. लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधली न दिसणारी नळी म्हणजे वाय-फाय. राउटरपासून बाहेर जाणारी बारीक फायबर केबल ही रस्त्यावरची जलवाहिनी. पुढे सेवा देणारी कंपनी, आणि त्याही पलीकडे, कधी मुंबईत तर कधी सातासमुद्रापार, आपण उघडू पाहतो ती वेबसाइट.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा हा प्रवास टेलिफोनच्या तारेवरून होत असे. मोडेम किरकिर-खरखर करीत नंबर फिरवायचा, आणि नेट सुरू असेपर्यंत घरचा फोन गुंतलेला राहायचा. तेव्हा फोनला डायल-टोन आहे का, एवढे पाहिले की अर्धे निदान होत असे. आज वाटेत पाच-सहा दुवे आहेत. म्हणूनच ‘नेट बंद आहे’ एवढे म्हणून भागत नाही. कोणता दुवा तुटला, हे विचारावे लागते.

दोन चाचण्या, चार उत्तरे

निदानासाठी लागणारे उत्तम यंत्र प्रत्येकाच्या हातात असते, ते म्हणजे मोबाइल.

पहिली चाचणी अशी. मोबाइलमधला ‘मोबाइल डेटा’ बंद करा आणि त्याला घरच्या वाय-फायवर जोडा. आता एखादी वेबसाइट उघडते का ते पाहा. मोबाइल डेटा बंद करणे फार महत्त्वाचे. तो सुरू राहिला, तर वाय-फाय मृतवत असूनही मोबाइल आपल्या सिमवरून नेट चालवतो, आणि ‘मोबाइलवर तर चालतंय की!’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

दुसरी चाचणी उलट बाजूची. मोबाइल डेटा पुन्हा सुरू करा, मोबाइलचे ‘हॉटस्पॉट’ चालू करा आणि लॅपटॉप त्याच्यावर जोडून पाहा.

या दोन चाचण्यांतून उत्तर जवळजवळ हाती येते. घरच्या वाय-फायवर मोबाइल चालतो पण लॅपटॉप चालत नाही, तर दोष लॅपटॉपमध्ये किंवा त्याच्या वाय-फायशी झालेल्या जोडणीत. घरच्या वाय-फायवर दोन्ही चालत नाहीत, पण हॉटस्पॉटवर लॅपटॉप व्यवस्थित चालतो, तर लॅपटॉप निर्दोष. दोष राउटरचा किंवा बाहेरच्या लाइनचा. लॅपटॉप दोन्हीकडे अडतो, तर गुन्हेगार लॅपटॉपच. आणि सगळीकडे सगळे उघडते, फक्त एकच वेबसाइट उघडत नाही, तर आपल्या घरात काहीच बिघडलेले नाही. बहुधा त्या वेबसाइटचीच प्रकृती बरी नाही.

एवढे कळले की निम्मे काम झाले. आता ज्या दुव्यात दोष आहे, तिथेच हात घालायचा.

दोष लॅपटॉपमध्ये असेल तर

सर्वांत आधी साध्या गोष्टी पाहाव्यात, कारण बहुतेक वेळा चोर तिथेच दडलेला असतो. लॅपटॉपमध्ये ‘एअरप्लेन मोड’ नावाची सोय असते. विमानात बसल्यावर सर्व बिनतारी यंत्रणा एका फटक्यात बंद करण्यासाठी ती दिलेली आहे. कीबोर्डच्या वरच्या ओळीतले विमानाचे किंवा वाय-फायच्या चिन्हाचे बटण चुकून दाबले गेले, की वाय-फाय गप्प होते. काही जुन्या लॅपटॉपच्या कडेला तर यासाठी सरकते बटण असते, आणि पुसताना ते नकळत सरकते. पुष्कळ मोठमोठे ‘बिघाड’ एका बोटाने दुरुस्त होतात ते असे!

दुसरे म्हणजे आपण कोणाच्या वाय-फायवर जोडले गेलो आहोत हे वाचावे. इमारतीत दहा बिऱ्हाडांची दहा नावे यादीत दिसतात. कधी लॅपटॉप पाहुण्याच्या मोबाइलच्या जुन्या हॉटस्पॉटची वाट पाहत बसलेला असतो.

घरचे नाव बरोबर असूनही जोडणी होत नसेल, तर यादीत त्या नावावर जाऊन ‘फरगेट’ म्हणजे ‘विसरून जा’ हा पर्याय निवडावा आणि पासवर्ड नव्याने घालावा. कोणी राउटरचा पासवर्ड बदललेला असला, तर लॅपटॉप जुन्याच पासवर्डने दार ठोठावीत राहतो. पासवर्ड घालताना इंग्रजीतली मोठी आणि लहान लिपी, शून्य आणि ‘ओ’ यांत गल्लत होते, तिकडेही लक्ष असू द्यावे.

तिसरे, लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करावा. इथे एक गंमत आहे. विंडोज असलेल्या बहुतेक लॅपटॉपवर ‘शट डाउन’ केल्याने यंत्रणा पूर्णपणे बंद होत नाही. पुन्हा लवकर सुरू होता यावे म्हणून तिचा काही भाग जसाच्या तसा साठवून ठेवला जातो, आणि त्याबरोबर आतला गोंधळही तसाच राहू शकतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सारे नव्याने मांडले जाते. म्हणून ‘मी दोनदा बंद करून पाहिला’ असे कोणी म्हटले, तर त्याला रीस्टार्ट करायला सांगावे.

चौथे, तारीख आणि वेळ पाहावी. हे वाचून आश्चर्य वाटेल. पण प्रत्येक सुरक्षित वेबसाइट आपल्या ओळखीचे प्रमाणपत्र दाखवते, आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असते. लॅपटॉप बरेच महिने कपाटात पडून राहिला किंवा आतली बॅटरी थकली, की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाऊ शकते. मग त्याला आजची प्रमाणपत्रे खोटी वाटू लागतात आणि तो ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा देत एकामागून एक दारे बंद करतो. तारीख दुरुस्त केली की दारे उघडतात.

पाचवे, कचेरीच्या कामासाठी घातलेले ‘व्हीपीएन’ किंवा एखादे विषाणूरोधक सॉफ्टवेअर वाट अडवून बसले आहे का, हे पाहावे. व्हीपीएन क्षणभर बंद करून बघावे. लॅपटॉप कचेरीचा असेल, तर मात्र त्यात आपल्या मनाने बदल न करता तिथल्या संगणक विभागालाच विचारावे.

‘जोडले आहे, पण इंटरनेट नाही’

हा संदेश सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकतो. वाय-फाय जोडलेले दिसते, पट्ट्या पूर्ण असतात, तरी काहीच उघडत नाही. याचा अर्थ सरळ आहे. नळ ते टाकी ही नळी शाबूत आहे, पण पुढे कुठेतरी खोळंबा आहे. वाय-फायच्या पट्ट्या फक्त लॅपटॉप आणि राउटर यांच्यातल्या सिग्नलची ताकद सांगतात. राउटरला बाहेरून नेट मिळते की नाही, हे त्या सांगत नाहीत.

इथे एक छोटी खूण उपयोगी पडते. राउटर आपल्या घरातल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो, जणू चाळीतला खोली-नंबर. वाय-फायच्या माहितीच्या पानावर तो ‘आयपी पत्ता’ म्हणून दिसतो. घरगुती राउटरचे क्रमांक बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. पण तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर समजावे की राउटरने लॅपटॉपला खोली दिलेलीच नाही, आणि बिचाऱ्याने स्वतःच एक तात्पुरता नंबर लावून घेतला आहे. अशा वेळी आधी राउटर आणि मग लॅपटॉप नव्याने सुरू केल्याने बहुतेक वेळा काम होते.

एवढ्यानेही लॅपटॉप दाद देत नसेल, तर विंडोजमध्ये ‘नेटवर्क रीसेट’ ही सोय आहे. ती वापरल्यावर साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड पुसले जातात, म्हणून ते आधी वहीत लिहून ठेवावेत. आणि वाय-फायचे नावच यादीतून नाहीसे झाले असेल, तर वाय-फायच्या भागाला चालवणारे ‘ड्रायव्हर’ नावाचे सॉफ्टवेअर बिघडले असण्याची शक्यता असते. ते लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरूनच घ्यावे, भलत्याच ठिकाणाहून नव्हे. ते उतरवून घ्यायला नेट कुठून आणायचे? मोबाइल चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. वाय-फाय न वापरताही लॅपटॉपला मोबाइलचे नेट मिळते.

दोष पेटीत किंवा लाइनमध्ये असेल तर

आता राउटरकडे वळू. आधी त्याचे दिवे वाचायला शिकावे. फायबरच्या पेटीवर साधारणपणे वीज, ‘पॉन’, ‘लॉस’ आणि वाय-फाय असे दिवे असतात. ‘लॉस’ या दिव्याच्या नावातली तीन अक्षरे ‘सिग्नल हरवला’ याची आद्याक्षरे आहेत. तो लाल पेटला किंवा लुकलुकू लागला, तर फायबरमधून येणारा प्रकाश आपल्या पेटीपर्यंत पोहोचत नाही. मग लॅपटॉपमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. केबल कुठे दुमडली गेली आहे का, कपाटाच्या मागे चेपली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, एवढे मात्र पाहून घ्यावे. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काच. ती तीव्र कोनात वाकली की आतला प्रकाश बाहेर गळतो. तिचे टोक उपटून फुंकर मारणे, पदराने पुसणे हे प्रकार करू नयेत. त्या टोकात डोकावूनही पाहू नये. आतला लेसर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो निरुपद्रवी आहे असे मुळीच नाही.

लाल दिवा नसेल, तर पेटीला जरा विश्रांती द्यावी. वीज बंद करून एक मिनिट थांबावे. फायबरची पेटी आणि राउटर वेगवेगळे असतील, तर आधी फायबरची पेटी सुरू करावी, दोनेक मिनिटांनी राउटर, आणि शेवटी लॅपटॉप. पाणी ज्या दिशेने येते, त्याच दिशेने झडपा उघडायच्या!

राउटरच्या मागे एक बारीक भोक असते, त्यात टाचणी खुपसून ‘रीसेट’ करण्याचा सल्ला अनेक उत्साही शेजारी देतात. तो मानू नये. या रीसेटने कंपनीने घातलेली सारी माहिती पुसली जाऊ शकते, आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत घर नेटविना राहते. बंद करून चालू करणे वेगळे आणि रीसेट करणे वेगळे, हा फरक घरात सर्वांना सांगून ठेवावा.

नेट येते पण रखडते, मधूनच तुटते, अशी तक्रार असेल तर राउटरची जागा तपासावी. शोभेसाठी कपाटात कोंडलेला, टीव्हीच्या मागे दडवलेला किंवा जमिनीवर ठेवलेला राउटर नीट काम देत नाही. तो घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्या हवेत असावा. बहुतेक राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंती ओलांडून लांब जाते, पण तिचा वेग कमी; ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण जाड भिंतीपुढे हतबल. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, त्यामुळे स्वयंपाकघरात काही गरम होत असताना शेजारच्या खोलीतले नेट अडखळू शकते. शंका असेल तर लॅपटॉप राउटरशेजारी न्यावा किंवा लॅन केबलने थेट जोडून पाहावा. केबलने सुरळीत चालले, तर लाइन ठीक आहे आणि अडचण हवेतल्या मार्गाची आहे.

आणि हो, आधी बिल भरले आहे ना ते पाहा! महिन्याचा प्लॅन संपलेला असणे हेही नेट बंद पडण्याचे एक अस्सल घरगुती कारण आहे.

दोष दूरवर असेल तर

कधी कधी घरात सारे काही ठीक असते, पण नावांचा पत्ता सांगणारा निघून गेलेला असतो. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला क्रमांक असतो. आपण मात्र नावे लिहितो. नावावरून क्रमांक शोधून देणारी टेलिफोन डिरेक्टरीसारखी एक व्यवस्था आहे, तिला ‘डीएनएस’ म्हणतात. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये तिची रचना केली. ही डिरेक्टरी मिळाली नाही, तर रस्ता मोकळा असूनही घर सापडत नाही.

हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. विंडोजच्या शोध-चौकटीत सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरे लिहून काळी खिडकी उघडावी. तिच्यात इंग्रजीत पिंग, म्हणजे पी, आय, एन, जी, असे लिहून एक जागा सोडावी, मग इंग्रजी अंकांत ८.८.८.८ लिहून एंटर दाबावे. हा गूगलच्या सार्वजनिक डिरेक्टरीचा पत्ता आहे. तिथून ‘रिप्लाय’ असे चार वेळा उत्तर आले, तर बाहेरचा रस्ता सुरू आहे. तरीही नावाने एकही वेबसाइट उघडत नसेल, तर दोष डिरेक्टरीचा. राउटर नव्याने सुरू करून ती पुन्हा मिळते का पाहावे. न मिळाल्यास लॅपटॉपच्या वाय-फायच्या मांडणीत डीएनएस म्हणून हाच क्रमांक घालता येतो.

आणि कधी तर साऱ्या जगाचाच खोळंबा होतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या केबल तुटल्या आणि भारतासह अनेक देशांतले इंटरनेट मंदावले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप एकदमच बंद पडले आणि जवळजवळ सहा तास बंद राहिले. देखभालीच्या कामात कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले आणि तिच्या डीएनएस यंत्रणेपर्यंत कोणी पोहोचू शकेना. त्या रात्री घरचा राउटर शंभर वेळा बंद-चालू केला असता तरी काय उपयोग होता? अशा वेळी दुसरी एखादी वेबसाइट उघडून पाहावी. ती उघडली, तर निश्चिंतपणे चहा टाकावा आणि वाट पाहावी.

मदत मागताना सावध!

आता सुरुवातीला राहिलेला मुद्दा. नेट बंद, वेळ थोडा, जीव कासावीस. अशा मनःस्थितीत माणूस मोबाइलवर कंपनीचे नाव घालून ‘कस्टमर केअर’ शोधतो आणि समोर दिसेल तो नंबर फिरवतो. नेमकी हीच वेळ ठग साधतात. इंटरनेटवर खोटे नंबर पेरून ते वाटच पाहत असतात. पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने बोलतो. ‘काळजी करू नका काकू, पाच मिनिटांत करून देतो,’ म्हणतो. मग तो एक अॅप घ्यायला सांगतो. त्या अॅपमुळे तुमचा पडदा त्याला तिकडे बसून दिसू लागतो. मग ‘नोंदणीसाठी फक्त दहा रुपये भरा’ अशी मागणी येते. तुम्ही दहा रुपये भरता, आणि त्या वेळी तुमचा पिन, तुमचा ओटीपी तो बघत असतो. पुढे खात्यातून किती गेले, हे बँकेच्या संदेशावरूनच कळते.

यावर उपाय सोपे आहेत. कंपनीचा नंबर बिलावरून, करारपत्रावरून किंवा तिच्या स्वतःच्या अॅपमधूनच घ्यावा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून पडदा दाखवणारे अॅप कधीही घेऊ नये. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नये. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन घालावा लागत नाही, तो फक्त देताना लागतो, हे तर घरातल्या प्रत्येकाला पाठच असावे. ‘तुमचा लॅपटॉप बिघडला आहे’ किंवा ‘तुमचे विंडोज बंद होणार आहे’ असे सांगणारा फोन आपणहून आला, तर तो बिनदिक्कत कापावा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला हे खरे, आणि सुरक्षिततेसाठी त्याचा विचार करायलाच हवा. पण तेवढ्याने कोणाचे नेट बंद पडत नाही.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर लाजेपायी गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी वेबसाइटवर तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता जास्त. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडून असे घडले, तर त्याच्यावर ओरडू नये. ओरडण्याच्या भीतीनेच अनेक जण तासन्‌तास गप्प राहतात, आणि तेच तास ठगाच्या पथ्यावर पडतात.

कंपनीकडे खरी तक्रार करताना तक्रारीचा क्रमांक आणि वेळ जरूर लिहून घ्यावी. ‘लॉसचा दिवा लाल आहे, घरातली सर्व यंत्रे बंद आहेत, पेटी बंद-चालू करून पाहिली आहे’ असे नेमके सांगणाऱ्या ग्राहकाला ‘लॅपटॉप रीस्टार्ट करा’ एवढे सांगून वाटेला लावणे कठीण जाते. तक्रार केंद्राने दाद दिली नाही, तर प्रत्येक सेवा-कंपनीकडे अपील प्राधिकरण असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनी ग्राहकाला हा दुसरा दरवाजा दिलेला आहे.

आणीबाणीची तयारी आधीच

अर्ज, परीक्षा, मुलाखत अशा कामांची शेवटची घटका ही नेट तपासण्याची वेळ नव्हे. त्या वेळी दुरुस्ती बाजूला ठेवावी, मोबाइलचे हॉटस्पॉट सुरू करावे आणि आधी काम उरकावे. कारण शोधायला नंतर सारी रात्र मोकळी आहे. यासाठी घरातल्या निदान एका मोबाइलचे सिम ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचे असले, तर एकाच कंपनीच्या बिघाडात दोन्ही वाटा बंद होत नाहीत. हॉटस्पॉटवर असताना लॅपटॉपमधली ‘मीटर्ड कनेक्शन’ ही सोय चालू करावी. नाहीतर लॅपटॉप मोठमोठे अपडेट उतरवू लागतो आणि दिवसाचा डेटा बघता बघता संपतो. अर्जाला लागणारी छायाचित्रे, सह्या, दाखले नेटवर न ठेवता लॅपटॉपवरही साठवून ठेवावेत.

बाहेरगावी हॉटेलात किंवा रेल्वे स्थानकावर वाय-फाय जोडूनही काही उघडत नसेल, तर घाबरू नये. तिथे आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी घालण्याचे पान यावे लागते. ब्राउझर उघडल्यावर ते बहुधा आपणहून समोर येते. अशा सार्वजनिक वाय-फायवर बँकेचे व्यवहार मात्र टाळावेत.

शेवटी एक छोटेसे काम. आज संध्याकाळी एक पांढरा कागद घ्या. त्यावर आपल्या कंपनीचा अधिकृत नंबर, ग्राहक क्रमांक, वाय-फायचे नाव आणि पासवर्ड, प्लॅन संपण्याची तारीख आणि १९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहा. खाली चार ओळी लिहा: मोबाइलवर चालते का? हॉटस्पॉटवर चालते का? लाल दिवा आहे का? दुसरी वेबसाइट उघडते का? पासवर्ड असलेला कागद दर्शनी भिंतीवर नको, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आणि मग आजी-आजोबांना जवळ बसवून एकदा तो वाचून दाखवा. मुले कामावर गेलेली असताना दुपारी नेट गेले, तर पहिल्यांदा तो कागद त्यांनाच लागणार आहे.